चाक, चावी आणि ग्राउंडवरचं मशीन

सुरुवातीलाच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. त्यामुळे वेलांट्या चुकल्या तर संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं!

आपल्या ग्राउंडवर बसून चालवायचं गवत कापायचं मशीन आहे. मॅचेसना चार दिवस उरले आणि ते अडलं. इंजिन मस्त चालू, गिअर पडतोय, पण मशीन जागचं हलत नाही. सगळ्यांचं निदान एकच: गिअरबॉक्स गेला. म्हणजे मोठा खर्च, आणि मॅचेस गुडघाभर गवतात. त्यात डाव्या मागच्या चाकात हवाही टिकत नव्हती. ग्राउंडवरचे मामा म्हणाले, "गिअरबॉक्सचं नंतर बघू. आधी चाकं काढू."

चाक काढायचं म्हणजे लगेच जॅक लावायचा नाही. सपाट जागा, इंजिन बंद आणि स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला. खाली पातं आहे, विसरू नका. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा. नुसत्या हॅण्डब्रेकवर भरवसा ठेवू नका, कारण तो गिअरबॉक्सवर लागतो. एक चाक उचललं की डिफरन्शिअलमुळे ते उलटं फिरू शकतं आणि जमिनीवरचं चाक घरंगळतं. उचलल्यावर खाली लाकडी ठोकळे द्यायचे, जॅकवर सोडून हात घालायचा नाही.

या चाकांना मोटारीसारखे नट नसतात. अ‍ॅक्सलच्या टोकाला टोपी, तिच्याखाली सर्क्लिप, मग वॉशर. सर्क्लिप स्क्रूड्रायव्हरने काढताना वर फडकं धरा. आम्ही धरलं नाही, आणि पुढचा अर्धा तास कपाटाखाली टॉर्च घेऊन काढला. वॉशर ज्या क्रमाने निघतात त्याच क्रमाने मांडून मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

डावं चाक गंजून बसलेलं. रात्रभर गंज सोडवायचं तेल मुरवलं, मागून लाकूड ठेवून ठोकलं, तेव्हा कुठे निघालं. उजवं मात्र हात लावताच बाहेर! मी खूश, मामा गप्प. मग म्हणाले, "ताई, याची चावी कुठंय?" मी म्हटलं, "ती काय, स्विचला लावलेलीच आहे." मामा हसले. त्यांना म्हणायची होती अ‍ॅक्सल आणि हब यांच्यामधल्या खाचेतली चावी, म्हणजे आपण मशीन डिझाइनमध्ये शिकतो ती 'की'! कोणीतरी पूर्वी पंक्चर काढून चाक तिच्याशिवायच बसवलं होतं. काही दिवस गंजाच्या जोरावर चाललं, मग अ‍ॅक्सल हबच्या आत नुसताच फिरायला लागला.

मग दुसरं चाक तरी का ओढत नव्हतं? डिफरन्शिअल दोन्ही बाजूंना सारखाच टॉर्क देतो. एका बाजूला अडथळाच नाही, तर दुसऱ्या बाजूलाही जवळपास शून्य. परीक्षेत मी हे लिहिलंय, मार्कही मिळालेत, पण मशीनसमोर उभी असताना डोक्यात आलं नाही.

अ‍ॅक्सल ३/४ इंचाचा, चावी ३/१६ इंच चौरस, म्हणजे ४.७६ मिमी. वर्कशॉपमध्ये ५ मिमीचा माइल्ड स्टीलचा चौरस बार मिळाला. फर्स्ट इयरला ज्या फायलिंगला शिव्या घातल्या, तेच करत बसले. घासायचं फक्त ०.२४ मिमी, पण सारखं व्हर्नियर लावत. चावी कडक पोलादाची करू नका. जास्त भार आला तर तिनेच तुटावं, अ‍ॅक्सलने नाही.

डाव्या टायरमध्ये बाभळीचा काटा निघाला. टायर ट्यूबलेस. आधी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडायची, मग बेंच व्हाइसमध्ये दाबून टायरची कड रिमपासून सुटी करायची. आतून पॅच लावून, साबणाचं पाणी लावून टायर चढवला, पण पंपाची हवा कडेनेच निघून जायची. मामांनी टायरभोवती मधोमध दोरी बांधून काठीने पीळ दिला. टायर मध्ये दबला, कडा बाहेर फाकल्या, हवा धरली. कड धरताच दोरी सैल करायची. पेट्रोल टाकून काडी लावायचे व्हिडिओ दिसतात, तो वेडेपणा नको. आणि टायरवर लिहिलेल्या कमाल दाबाच्या वर कधीच जायचं नाही.

आमच्या मागच्या टायरला १० पीएसआय लागतात. बाइकच्या सवयीने ३० भरू नका. दोन चाकांत दाब कमीजास्त असला तर पातं तिरकं होतं आणि गवत एका बाजूला बोडकं, दुसऱ्या बाजूला उंच कापलं जातं.

बसवताना अ‍ॅक्सल घासून ग्रीस लावलं, चावी सरकवली, वॉशर फोटो बघून घातले. सर्क्लिप खाचेत टक्कन बसली. मामांनी गिअर टाकला, मशीन निघालं आणि ते थेट पिचच्या दिशेने गेले. आम्हाला थँक्यू म्हणायला थांबलेच नाहीत, गवतच तेवढं वाढलं होतं.