हातावेगळं करताना

भोसरीत आमचा छोटा गाळा आहे. शेतीपंपाच्या टायमरचे बोर्ड आम्ही तिथे बनवतो. एका पॅनेलवर दहा बोर्ड, मधे व्ही-कटच्या खाचा. सोल्डरिंग झालं की पॅनेलवरच टेस्टिंग उरकायचं आणि मग पोरं टेबलाच्या कडेवर पॅनेल धरून चिक्कीसारखं मोडायची. ‘कट्ट’ असा आवाज आला की काम हातावेगळं. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं.

एका पावसाळ्यात माल परत यायला लागला. बोर्डवर काळा डाग, सप्लायवरचा सिरॅमिक कपॅसिटर जळालेला. मी आधी खेड्यातल्या विजेला दोष दिला, मग कपॅसिटर देणाऱ्याशी भांडलो. दुसऱ्या कंपनीचे लावले, तरी तेच. शेवटी परत आलेले बोर्ड टेबलावर ओळीने मांडले, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. जळालेला कपॅसिटर प्रत्येक बोर्डवर एकच होता. खाचेपासून जेमतेम दोन मिमीवर बसलेला आणि तोही खाचेला आडवा.

स्टॉकमधला एक न वापरलेला सुटा बोर्ड घेतला आणि तो कपॅसिटर बोर्डासकट बारीक पॉलिश पेपरवर घासत अर्ध्यापर्यंत नेला. भिंगाखाली केसाएवढी चीर दिसली. खालच्या बाजूला, धातूच्या टोपीच्या कडेपासून निघून तिरकी वर गेलेली. घासण्याआधी मल्टिमीटरवर हाच कपॅसिटर ठणठणीत होता.

कारण सोपं आहे. मोडताना बोर्ड वाकतो, सिरॅमिक वाकत नाही. सोल्डरने धरून ठेवल्यामुळे ते तडकतं. सुरुवातीला काहीच कळत नाही. पुढे चिरेत ओल शिरते, आतल्या थरांमधून करंट गळायला लागतो, कपॅसिटर तापतो आणि एक दिवस शॉर्ट होतो. कपॅसिटर जितका मोठा, तितका हा धोका जास्त.

बोर्ड सुटे करायच्या पद्धती अनेक आहेत. ठेच लागल्यावर जे शिकलो, ते सांगतो.

व्ही-कट स्वस्त पडतो, पण तो सरळ रेषेतच चालतो. 1.6 मिमीच्या बोर्डात खाचेखाली साधारण एक तृतीयांश जाडी उरते. ती हाताने मोडू नका, चाकाच्या पात्याचं कटर घ्या. पातं बोथट झालं की बदला. कटरनेही थोडा ताण येतोच. म्हणून सिरॅमिक कपॅसिटर खाचेपासून निदान पाच मिमी लांब ठेवा आणि त्याची लांबी खाचेला समांतर ठेवा.

गोलाकार बोर्डांना बारीक भोकांचे जोड ठेवतात, त्यांना माउस बाइट म्हणतात. ते हाताने मोडले तर ताण नेमका त्या जोडापाशी एकवटतो आणि कडेला खडबडीत दात राहतात. त्या जोडांजवळ नाजूक पार्ट नकोत.

राउटरचं फिरतं बिट बोर्ड न वाकवता कापतं, आकार कसलाही चालतो. पण वेळ लागतो, प्रत्येक डिझाइनला वेगळं फिक्स्चर लागतं आणि बिटासाठी मधे जागा सोडावी लागत असल्याने पॅनेलवर बोर्ड कमी बसतात. शिवाय काचतंतूंची धूळ उडते. सक्शनशिवाय राउटर चालवू नका, पोरांच्या छातीचा प्रश्न आहे. लेझरने बोर्डला ताण जवळजवळ येतच नाही, पातळ आणि लवचीक बोर्डांना तो उत्तम. पण मशीन महाग, आणि सेटिंग चुकलं तर कडा करपतात.

आम्ही कटर घेतलं, कपॅसिटर फिरवून आत सरकवला आणि टेस्टिंगचं टेबल उचलून कटरच्या पुढे नेलं. मोडण्याआधी केलेली टेस्ट मोडताना झालेलं नुकसान कसं सांगणार? मोडल्यानंतरच्या टेस्टमध्येही प्रत्येक चीर सापडत नाही, हे मात्र लक्षात असू द्या. म्हणून आता बोर्डचं ड्रॉइंग बाहेर पाठवण्याआधी मी डिझाइनरला एकच विचारतो: हे तोडणार कोण, आणि कशाने?