वार्धक्य, शुश्रूषा आणि यंत्रबुद्धि

घरांतील आजीस दिवसाकाठीं किती मिनिटांची शुश्रूषा लागते, असें कोणीं विचारिलें तर आमच्या विद्यार्थिमित्रांपैकीं बहुतेकांस उत्तर देतां येणार नाहीं. जपानांत मात्र या प्रश्नाचें पहिलें उत्तर संगणक देतो.

त्या देशांत २०२४ सालीं पासष्ट वर्षांचे व त्यांहून वडील असे लोक ३ कोटि ६२ लक्षांवर, म्हणजे शेंकडा २९ हून अधिक होते. हा भार केवळ सुना-लेकींवर टाकून चालणार नाहीं हें ओळखून तेथें २००० सालीं शुश्रूषा-विम्याचा कायदा अमलांत आला. चाळिशीपासून प्रत्येकानें वर्गणी भरावयाची. मदत लागली म्हणजे नगरपालिकेकडे अर्ज करावयाचा. मग चौकशीस माणूस येतो व ७४ बाबी पाहतो: कूस पालटतां येते काय, घांस गिळतां येतो काय, आपलें नांव सांगतां येतें काय. यावरून संगणक शुश्रूषेचीं मिनिटें काढून गरजेची पायरी सुचवितो. अशा पायऱ्या सात आहेत, व मदतीची मर्यादा पायरीवर अवलंबून असते.

हीं मिनिटें शुश्रूषागृहांतील सेवकांच्या कामाची घड्याळ लावून मोजदाद करून बसविलेलीं. त्यामुळें आरंभीं एक मोठी तक्रार झाली. स्मृति गेलेली, पण हातपाय धड, अशा वृद्धांची गरज संगणक फार कमी लेखी. अंथरुणास खिळलेल्यास उचलावें, पुसावें लागतें. तो वेळ मोजतां येतो. परंतु जे आजोबा मध्यरात्रीं दार उघडून रस्त्यावर जातात, त्यांच्यासाठीं घरचें माणूस रात्रभर जागें असतें. तें जागरण कोणत्या रकान्यांत मांडावयाचें? पुढें अशा वृद्धांसाठीं अधिक मिनिटें धरण्याची तरतूद झाली.

हा संगणक ठराविक नियमांनीं चालतो. आज जिचा बोलबाला आहे ती शिकणारी यंत्रबुद्धि निराळी. परंतु तीही जुन्या नोंदींवरूनच शिकते. नोंदींत जागरण नसेल तर तिला तें दिसणार नाहीं, आणि तिची चूक हजारों घरांत एकाच वेळीं शिरेल. आम्हांस भय वाटतें तें याचेंच. यंत्र निर्दय असतें म्हणून नव्हे.

जपानी कायद्यांत संगणकाचें उत्तर अखेरचें नसतें. वैद्यक, आरोग्य व समाजसेवा जाणणाऱ्यांची समिति वैद्याचें मत आणि चौकशीचीं टिपणें वाचते, व पायरी बदलूंही शकते. तिचाही निर्णय न पटल्यास अर्जदारास तीन महिन्यांच्या आंत प्रांताच्या मंडळाकडे दाद मागतां येते.