मानमोडीपासून गावठी कोंबड्यांचे रक्षण

पेण तालुक्यात डोलवीच्या आसपास भातशेतीच्या जोडीला परसात पाच-दहा गावठी कोंबड्या पाळण्याची चाल आहे. अंड्यांचा पैसा बहुधा घरच्या बाईच्या हाती येतो. मानमोडीची साथ शिरली म्हणजे हा आधार आठवडाभरात नाहीसा होतो.

मानमोडी म्हणजेच राणीखेत रोग. इ. स. १९२७ मध्ये हा रोग कुमाऊँतील राणीखेत येथे आढळल्यामुळे त्यास हे नाव पडले. तो विषाणूंमुळे होतो. त्यावर औषध नाही. रोगी पक्षी चोच उघडी ठेवून श्वास घेतो, हिरवट पातळ विष्ठा टाकतो. पुढे पाय व पंख लुळे पडतात आणि मान पिळवटते. विष्ठा, नाकातील स्राव, डालगी व माणसांची पादत्राणे यांवाटे रोग पसरतो.

लस हाच खरा उपाय होय. पिलू ५ ते ७ दिवसांचे असता ‘एफ’ अथवा ‘लासोटा’ लशीचा एक थेंब डोळ्यात वा नाकपुडीत सोडावा. आठ आठवड्यांनंतर ‘आर-२-बी’ लस कातडीखाली टोचून घ्यावी. ही लस लहान पिलांस देऊ नये. आजारी पक्ष्यांस कोणतीही लस देऊ नये.

लशीच्या एका कुपीत शंभर वा अधिक पक्ष्यांपुरती मात्रा असते, आणि कालवलेली लस दोन तासांत संपवावी लागते. सहा कोंबड्यांच्या धन्याने एकट्याने कुपी आणणे त्यामुळे परवडत नाही. ग्रामसेवकाने पशुवैद्यकीय दवाखान्याशी दिवस ठरवून आळीतील सर्व कोंबड्यांची नोंद करावी. आदल्या रात्री खुराडी बंद ठेवावीत आणि पहाटे, कोंबड्या बाहेर सोडण्यापूर्वी, लसीकरण उरकावे. लस बर्फात ठेवूनच न्यावी. उन्हाने तापलेली लस व्यर्थ होय.

बाजारातून आणलेला पक्षी तीन आठवडे निराळा ठेवावा. आषाढअखेरीस कोंबड्यांची ने-आण वाढते, तेव्हा विशेष जपावे.

साथ आल्यावर उरलेल्या कोंबड्या घाईने विकू नयेत. त्यायोगे रोग शेजारच्या गावी जातो. मेलेले पक्षी खाडीत वा ओढ्यात न टाकता चुना घालून खोल पुरावेत. मात्र एकदम पुष्कळ पक्षी दगावल्यास त्यांस हात न लावता प्रथम दवाखान्यास कळवावे. बर्ड फ्लूची लक्षणेही अशीच असतात व तो माणसासही बाधू शकतो. जानेवारी २०२५ मध्ये याच जिल्ह्यात, उरण तालुक्यातील चिरनेर येथे तो आढळला होता. कोणता रोग आहे, हे तपासणीनेच ठरते.