ट्रायकोग्रामा : वर्गीकरण कशासाठी शिकायचं?

सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती ही उतरंड मुलं पाठ करतात आणि पेपर झाला की विसरतात. तिचा उपयोग त्यांना दिसत नाही. आपल्या बांद्याच्या भातशेतीला लागू पडणारं एक उदाहरण घेऊ या.

भाताच्या खोडकिड्याचा पतंग पानाच्या शेंड्याजवळ पुंजक्याने अंडी घालतो. अळी खोडात शिरली की पोंगा सुकतो, नाहीतर पुढे लोंबी पांढरी, पोचट निघते. खोडातल्या अळीपर्यंत फवारा नीट पोचत नाही. म्हणून तिला अंड्यातच गाठणारा ट्रायकोग्रामा हा परोपजीवी कीटक मोलाचा. लांबी एक मिलिमीटरहून कमी! मादी पतंगाच्या अंड्यात आपलं अंडं घालते. तिची अळी आतला गर खाते आणि आठ-दहा दिवसांत त्या अंड्यातून ट्रायकोग्रामाच बाहेर पडतो. ऊ किंवा गोचीड सहसा यजमानाला मारत नाही, हा मारतो. हा फरक मुलांना जरूर सांगा.

फळ्यावर असं लिहा :

सृष्टी – प्राणी
संघ – संधिपाद
वर्ग – कीटक
गण – हायमेनोप्टेरा
कुल – ट्रायकोग्रामॅटिडी
प्रजाती – ट्रायकोग्रामा (वेस्टवुड, १८३३)
जाती – जापोनिकम, चिलोनिस इत्यादी. एकूण २०० हून अधिक

मधमाशी, मुंगी, गांधीलमाशी याच गणातल्या. घरमाशी मात्र नाही. तिला दोनच पंख, यांना चार (कामकरी मुंगीला पंख नसतात). नावात 'माशी' आहे म्हणून गण एक होत नाही.

आता खरा मुद्दा. खोडकिड्याच्या अंड्यांसाठी जापोनिकम ही जाती वापरतात, पानं गुंडाळणाऱ्या अळीसाठी चिलोनिस. दिसायला दोन्ही सारख्याच. रंग तापमानाप्रमाणे बदलतो, आकार ज्या अंड्यात वाढ झाली त्याप्रमाणे. मग ओळखायचं कसं? सुधा नगरकट्टी आणि एच. नागराज या भारतीय संशोधकांनी १९७१ साली दाखवून दिलं की नराच्या जननेंद्रियांची रचना ही खात्रीची खूण आहे. भारतात ज्या जातीला बरीच वर्षं 'ऑस्ट्रेलिकम' म्हणत होते, ती पुढे चिलोनिस ठरली. म्हणजे नाव चुकलं की जुने प्रयोग कोणत्या कीटकावर झाले, हेच कळत नाही.

शेतकऱ्याला हे कीटक 'ट्रायकोकार्ड' म्हणून मिळतात. तांदळाच्या पतंगाची सुमारे २०,००० अंडी एका कार्डावर चिकटवलेली असतात, ट्रायकोग्रामाने व्यापलेली अंडी काळी दिसतात. कार्डाच्या पट्ट्या कापून पानांच्या खालच्या बाजूला टाचतात. त्या दिवसांत कीटकनाशक फवारलं तर किडीआधी हा मित्रच मरतो.

वर्गात एक प्रश्न विचारून पहा : खोडकिडा पडलेल्या मळ्यासाठी कुणी दुकानात जाऊन नुसतं 'ट्रायकोकार्ड द्या' म्हणालं, तर कुठली माहिती सांगायची राहिली? 'जाती' हे उत्तर मुलांनी स्वतः शोधलं, की उतरंडीची शेवटची पायरी त्यांना पाठ करावी लागणार नाही.