वृश्चिकातील अदृश्य तेज

वैशाख महिन्यात रात्र थोडी चढली, म्हणजे रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून आग्नेय दिशेस वृश्चिक रास स्पष्ट दिसू लागते. तिच्यातील ज्येष्ठा हा तांबूस तारा चटकन ओळखू येतो. परंतु याच राशीत एक तारा असा आहे की, तो नुसत्या डोळ्यांना मुळीच दिसत नाही. मात्र मानवाच्या डोळ्यांना क्ष-किरण दिसत असते, तर सूर्याखालोखाल तोच आकाशात सतत झळकताना दिसला असता.

दवाखान्यात मोडलेल्या हाडाचे चित्र घेण्यासाठी वापरतात, तेच हे क्ष-किरण. ते हातातून आरपार जातात. पण पृथ्वीभोवतीचा हवेचा जाड थर त्यांना भेदता येत नाही. यामुळे सजीवांचे रक्षण होते, हे खरे. परंतु त्यामुळेच असे तारे युगानुयुगे अज्ञात राहिले.

१९६२ च्या जून महिन्यात रिकार्डो जियाकोनी व त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेतून एक अग्निबाण वातावरणाच्या वर पाठविला. चंद्राकडून क्ष-किरण येतात काय, हे त्यांना पाहावयाचे होते. अवघ्या काही मिनिटांच्या त्या उड्डाणात वृश्चिक राशीच्या दिशेने येणारे प्रखर क्ष-किरण सापडले! पुढे २००२ साली जियाकोनी यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

हे किरण येतात कोठून? तेथे एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे आहेत. त्यांची एक प्रदक्षिणा सुमारे १९ तासांत पूर्ण होते. त्यांपैकी एक न्यूट्रॉन तारा आहे. त्याचा व्यास सुमारे २० किलोमीटर, म्हणजे साधारण रत्नागिरीहून पावसला जाण्याएवढा. पण त्यात सूर्याहूनही अधिक द्रव्य ठासून भरलेले आहे. त्याच्या प्रचंड आकर्षणामुळे जोडीदार ताऱ्यावरील वायू त्याच्याकडे ओढला जातो.

हा वायू सरळ खाली कोसळत नाही. खाडीतील भोवऱ्यात सापडलेले पान जसे गरगर फिरत मध्याकडे सरकते, तसाच तो फिरत फिरत आत जातो व त्याची एक चपटी तबकडी बनते. तिला ॲक्रिशन डिस्क असे म्हणतात. थंडीत तळहात एकमेकांवर चोळले असता ऊब येते. त्याचप्रमाणे तबकडीतील वायूचे थर एकमेकांवर घासून लक्षावधी अंश तापतात आणि त्यांतून क्ष-किरण बाहेर पडतात. काही जोड्यांत न्यूट्रॉन ताऱ्याच्या जागी कृष्णविवर असते. त्यातून प्रकाशही सुटू शकत नाही. परंतु भोवतालची तप्त तबकडी त्याचा ठावठिकाणा सांगते.

अशा ताऱ्यांच्या निरीक्षणासाठी भारताने २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटा येथून ॲस्ट्रोसॅट हा उपग्रह सोडला. तो सुमारे ६५० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीप्रदक्षिणा करू लागला. त्यावरील क्ष-किरण मोजणारे एक मोठे उपकरण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झाले होते. त्याच्या पेट्यांत झेनॉन वायू भरलेला होता. क्ष-किरण त्या वायूवर आदळला की विजेचा सूक्ष्म ठोका उमटे. सेकंदाच्या एक लक्षांश भागापर्यंत अचूक वेळ टिपण्याची त्या उपकरणाची क्षमता होती.

इतक्या सूक्ष्म कालमापनाची गरज काय? तबकडीत वायू जितका आत, तितकी त्याची प्रदक्षिणा शीघ्र. म्हणून किरणांची चढउतार मोजली, म्हणजे दुर्बिणीतून वेगळी न दिसणारी ती तबकडी आतून कशी फिरते, याचा अंदाज येतो. गरुड तारकासमूहातील एका कृष्णविवराजवळून येणाऱ्या क्ष-किरणांत एका सेकंदात सुमारे ७० वेळा होणारी स्पंदने ॲस्ट्रोसॅटने नोंदविली. ती नेमकी कशामुळे उत्पन्न होतात, या प्रश्नाचे निर्विवाद उत्तर अद्याप मिळालेले नाही. ते शोधण्याचे काम पुढील पिढीच्या अभ्यासकांसाठी शिल्लक आहे.