टीबीची मशीन तपासणी : डबीत काय द्यायचे?

"सिस्टर, मशीनच तपासणार ना? मग कशीही थुंकी दिली तर काय बिघडले?" वस्तीत डब्या वाटताना हा प्रश्न आम्हाला नेहमी येतो. प्रश्न वावगा नाही. सीबीनॅट मशीन खरोखरच पुष्कळ काम स्वतः करते.

या तपासणीत जंतू डोळ्यांनी पाहत नाहीत, त्याचा डीएनए शोधतात. जाड कवच फोडून तो बाहेर काढणे, स्वच्छ करणे हेच किचकट काम. पूर्वी त्यासाठी मोठ्या प्रयोगशाळेत वेगवेगळ्या खोल्या लागत. एका नळीतला अंश दुसरीत गेला, की चांगल्या माणसाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह! आता टेक्निशियन बेडक्यात औषध मिसळतो, हलवतो आणि १५ मिनिटांनी ते कार्ट्रिजमध्ये भरतो. पुढे माणसाचा हात लागत नाही. आतली गाळणी जंतू अडवते, ते धुतले जातात, ध्वनीच्या कंपनांनी फुटतात आणि डीएनएच्या असंख्य प्रती तयार होतात. साधारण दोन तासांत टीबी आहे का आणि रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल का, दोन्ही कळते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये या तपासणीला मान्यता दिली. गोव्यातल्या कंपनीचे ट्रूनॅट हेच काम बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या यंत्रांवर करते.

सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला एका मिलिलिटरमध्ये ५ ते १० हजार लागतात; सीबीनॅटला शे-दीडशे पुरतात. पण नुसत्या लाळेत तेवढेही सापडतील याचा भरवसा नाही. आमच्या वस्तीतल्या एका भावाचा पहिला रिपोर्ट निगेटिव्ह आला. डबीत फेसच होता, आणि ती डबी आम्हीच घाईत, न बघता घेतली होती. तीन आठवडे तो एका खोलीत खोकत राहिला. घरात तान्हे बाळ. दुसऱ्यांदा नीट बेडका दिला तेव्हा टीबी निघाला.

म्हणून सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा. घराबाहेर, मोकळ्या हवेत उभे राहा. दोन-तीन वेळा खोल श्वास घ्या आणि छातीतून खोकून घट्ट बेडका काढा. चमचाभर तरी हवा. झाकण घट्ट लावून डबी लगेच पोचवा. सरकारी केंद्रात पैसे लागत नाहीत.

पूर्वी टीबीचे औषध घेतले असेल तर ते लपवू नका. मेलेल्या जंतूचा डीएनएही मशीनला सापडतो. अशा वेळी डॉक्टर कल्चर करायला सांगतात. त्यात फक्त जिवंत जंतू वाढतात. त्या रिपोर्टला काही आठवडे लागतात.