संगणक का अडतो? स्वॅप स्मृतीचा उपाय

ग्रामीण कारभारात संगणक आता नवा राहिलेला नाही. 2011 मध्ये सुरू झालेल्या 'संग्राम', अर्थात संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र, या प्रकल्पाने तो ग्रामपंचायतींच्या कामात रुजविला. मंडणगडपासून राजापूरपर्यंतच्या रत्नागिरी जिल्ह्यात वाड्या डोंगरउतारांवर विखुरलेल्या आहेत. पाखाडी उतरून दाखल्यासाठी आलेल्या ग्रामस्थासमोर संगणक एकाएकी गोठला, तर त्याची खेप वाया जाते आणि न साठविलेल्या नोंदीही नाहीशा होतात.

अडण्याचे कारण

संगणक अडण्याचे एक प्रमुख कारण म्हणजे अपुरी कार्यस्मृती, म्हणजेच रॅम. चालू असलेले सर्व काम रॅममध्ये राहते. ती भरली की यंत्राला जागा उरत नाही. कोकणातील घरात नित्य न लागणारे सामान माळ्यावर ठेवून माजघर मोकळे करतात. त्याचप्रमाणे रॅममधील तूर्त न लागणारा मजकूर डिस्कवरील राखीव जागेत हलविता येतो. या जागेस 'स्वॅप' म्हणतात. या तत्त्वाचा अवलंब मँचेस्टर येथील 'ॲटलस' संगणकात 1962 मध्येच झाला होता.

स्वॅपची उभारणी

विंडोजमध्ये हे काम 'पेज फाइल' करते. ती सहसा आपोआप सांभाळली जाते. बंद केलेली असल्यास पुन्हा सुरू करावी. सी-डॅकने विकसित केलेल्या 'बॉस'सारख्या लिनक्स प्रणालीत प्रथम 'फ्री' या आज्ञेने रॅम व स्वॅप किती आहे ते पाहावे. स्वॅप नसल्यास, डिस्कवर पुरेशी जागा आहे याची खात्री करून, 4 जीबी रॅमच्या यंत्रासाठी साधारण तेवढ्याच आकाराची फाइल तयार करावी. तिच्यात नागरिकांची खासगी माहिती उतरू शकते. म्हणून ती वाचण्याचा अधिकार केवळ प्रशासकास ठेवावा. तद्नंतर 'एमकेस्वॅप'ने ती सिद्ध करावी व 'स्वॅपऑन'ने कार्यान्वित करावी. 'एफएसटॅब'मध्ये तिची नोंद केल्यास यंत्र पुन्हा सुरू केल्यावरही ती कायम राहते. हे काम जाणकाराकडून, आवश्यक नोंदींची प्रत काढून ठेवूनच करावे.

मर्यादा

डिस्क रॅमपेक्षा फार संथ असते. माळ्यावर सतत चढउतार करावी लागली, तर काम रखडणारच. स्वॅपचा वापर नित्य वाढलेला दिसल्यास अनावश्यक कार्यक्रम बंद करावेत आणि रॅम वाढविण्याची तरतूद करावी. स्वॅप ही अडचणीच्या वेळची सोय आहे, रॅमचा पर्याय नव्हे. ही जाण ठेवल्यास दारी आलेल्या ग्रामस्थाला रिक्त हस्ते परतावे लागण्याचे प्रसंग निश्चित कमी होतील.